सव्वाआठची पंगत

१

गेल्या वर्षी जुलै महिन्यातील एका रविवारी सकाळी न्यू जर्सीहून माझ्या मुलीचा फोन आला आणि नाताळच्या सुटीत आम्ही सर्वांनी मिळून करावयाच्या सागरसफरीचे आरक्षण अर्जातील एका रिकाम्या रकान्यापाशी येऊन अडले आहे असे तिने सांगितले, तेव्हा तो रकाना पारपत्राचा, व्हिसाचा किंवा फार तर विम्याचा असावा असे मी धरून चाललो. तो रात्रीच्या जेवणाच्या वेळेचा होता. कंपनीने तीन पर्याय दिले होते. पहिली पाळी पावणेसहाला, दुसरी सव्वाआठला. आणि तिसरा पर्याय असा की, साडेपाच ते साडेनऊ या अवधीत वाटेल तेव्हा यावे, जे टेबल रिकामे असेल तेथे बसावे आणि जेवून उठावे. पहिल्या दोहोंत टेबल मुक्रर, वाढणारा मुक्रर, वेळ मुक्रर; तिसऱ्यात यांपैकी काहीच मुक्रर नाही.

आम्ही अकरा जण जाणार होतो. पुण्याहून मी आणि माझी पत्नी. आमच्याबरोबर माझी थोरली बहीण, जिला सारे घर आक्का म्हणते, जिचे वय एकोणऐंशी आहे आणि जी जेवणाआधी इन्सुलिन टोचून घेते. कॅलिफोर्नियातून मुलगा, सून आणि त्यांची दोन मुले. न्यू जर्सीतून मुलगी, जावई आणि त्यांची दोन. नातवंडांतला थोरला पंधरा वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची. अकरा माणसे, तीन पिढ्या आणि तीन घड्याळे. यावरून त्या रकान्याने किती फोन खर्ची पाडले असतील याची कल्पना वाचकांनी करावी.

आक्काने पहिली पाळी ऐकताक्षणीच निकालात काढली. "पावणेसहाला? अरे, ती दिवेलागणीची वेळ. त्या वेळेला पानावर कोण बसतं?" मुलीला मात्र तीच पाळी हवी होती, कारण तिची धाकटी साडेआठला पेंगू लागते. मुलाचे म्हणणे असे की, सुटीवर जाऊनही घड्याळ लावूनच जेवायचे असेल तर ऑफिस काय वाईट आहे? पंधरा वर्षांच्या नातवाने आपले मत विचारले असता खांदे उडवले, आणि हे आम्हांला पडद्यावर स्पष्ट दिसले. ज्या प्रश्नावर एकमत होत नाही तो खुला ठेवणे यालाच निर्णय समजण्याची आमच्या घराण्याची जुनी वहिवाट असल्यामुळे अखेर तिसरा पर्याय कायम झाला. सर्वांना मुभा मिळाली म्हणून सर्वच संतुष्ट होते.

२

वास्तविक हा प्रश्न आपणां मराठी माणसांना परका वाटण्याचे कारण नाही. बोटीवर ज्याला 'सीटिंग' म्हणतात त्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या पंगत म्हणत आलो आहोत. कार्यालयात दोनशे पाने मांडता येतात आणि पाहुणे पाचशे आहेत, असा प्रसंग आला म्हणजे पहिल्या पंगतीला मुले, म्हातारी माणसे आणि ज्यांना मुक्कामाची गाडी गाठायची आहे ते, दुसऱ्या पंगतीला मानकरी, आणि सर्वांत शेवटी घरच्या बायका व वाढपी, हा शिरस्ता कोणी लिहून ठेवलेला नसतानाही अव्याहत चालत आला. बोटीचे गणित याहून निराळे नाही. चार हजार उतारूंच्या बोटीवर चार हजार खुर्च्यांचे भोजनगृह बांधणे म्हणजे दिवसाकाठी दोन तास उपयोगी पडणाऱ्या जागेसाठी शेकडो केबिनांची जागा दवडणे होय. म्हणून निम्मे उतारू जेवत असताना निम्म्यांना नाट्यगृहात बसवायचे आणि मग अदलाबदल करायची, अशी ही तजवीज आहे. सायंकाळचा एकच खेळ रोज दोनदा का होतो, याचे उत्तर रंगभूमीत नसून भटारखान्यात आहे.

जुन्या जहाजांवर तर निवडीचा प्रश्नच नव्हता. एकोणिसाव्या शतकातील आगबोटींच्या भोजनगृहात लांबच लांब टेबले, जमिनीला खिळवलेल्या फिरत्या खुर्च्या आणि वादळात ताटे घसरू नयेत म्हणून टेबलांवर बसवायच्या लाकडी चौकटी असत. जेवणाची वर्दी मिळाली की सर्वांनी जाऊन आपापल्या जागी बसावे, एवढेच स्वातंत्र्य. या शिस्तीला पहिला तडा श्रीमंतांसाठी गेला. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' नामक जहाजावर रिट्झच्या नावाचे एक स्वतंत्र उपाहारगृह निघाले. तेथे वाटेल तेव्हा जावे, वाटेल ते मागवावे आणि त्याचे दाम निराळे मोजावे. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वरही असे एक उपाहारगृह होते आणि ते सकाळपासून रात्री उशिरापर्यंत उघडे असे. मात्र त्याच जहाजाच्या पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात बिगुलावर 'रोस्ट बीफ ऑफ ओल्ड इंग्लंड'ची धून वाजली म्हणजेच माणसे जेवायला उतरत. जेवणाच्या वेळेचे स्वातंत्र्य प्रथम विकले गेले आणि पुष्कळ काळाने ते वाटले गेले, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ज्यांना त्या टेबलावर बसण्याचे धैर्य झाले नाही त्यांचाही एक इतिहास आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेस निघालेल्या मोहनदास गांधी या अठरा वर्षांच्या तरुणाने, काटेचमचे धरता येत नाहीत आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याची भीड वाटते, म्हणून टेबलाकडे जाण्याचेच टाळले व बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर केबिनीतच दिवस काढले. ही हकिकत त्यांनी आत्मकथेत सांगितली आहे. आज बोटीवरील आपली माणसे भीड सोडून विचारतात; मात्र हा प्रश्न रोज नव्या माणसाला विचारावा लागणे आणि एकाच माणसाला एकदा विचारून मोकळे होणे, यांत जे अंतर आहे त्याचा अनुभव आम्हांला पुढे यायचा होता.

दोन पंगतींचा हा शिरस्ता सुटीच्या जहाजांवर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक अबाधित होता. १९९८ साली 'डिस्ने मॅजिक' निघाली तेव्हा डिस्नेने त्यात एक चतुर फेरफार केला. वेळ ठरलेली ठेवायची, परंतु कुटुंबाने रोज वेगळ्या भोजनगृहात जेवायचे आणि त्यांचे वाढपी त्यांच्याबरोबर फिरायचे. म्हणजे जागा बदलते, माणूस बदलत नाही. दुसऱ्या पाळीला बसणाऱ्या लहान मुलांचे जेवण आधी आणून, ते आटोपताच खेळघरातील सेवकांनी त्यांना घेऊन जाण्याचीही सोय तेथे आहे. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने मात्र शिरस्ताच मोडला; ठरलेली वेळ नाही, ठरलेले टेबल नाही आणि पोशाखाची सक्तीही नाही, अशी 'फ्रीस्टाइल' पद्धत तिने सुरू केली. त्याच वर्षी ती कंपनी आशियातील स्टार क्रूझेसच्या ताब्यात गेली. सिंगापूरहून निघणारी स्टार क्रूझेसचीच 'सुपरस्टार व्हर्गो' ही कित्येक मराठी कुटुंबांची पहिली क्रूझ होती, तेव्हा समुद्रावर वाटेल त्या वेळी जेवण्याची चटक आपल्यांपैकी अनेकांना प्रथमपासूनच लागली असल्यास नवल नाही. पुढील दहा वर्षांत प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन या सर्वांनी जुन्या पंगतींच्या जोडीला मोकळ्या वेळेचा पर्याय ठेवला.

या मोकळेपणाचीही परीक्षा झाली. २०१४ साली रॉयल कॅरिबियनने 'क्वांटम ऑफ द सीज' पाण्यात आणली तेव्हा एका प्रचंड भोजनगृहाऐवजी चार स्वतंत्र उपाहारगृहे केली आणि ठरलेल्या पंगतीला रजा दिली. उतारूंनी आपले टेबल आणि आपला वाढपी परत मागितला, आणि दोनेक वर्षांत कंपनीने ती योजना गुंडाळून जुन्या पद्धतीची पुनःस्थापना केली. स्वातंत्र्य देऊ केल्यावर लोकांनी शिस्त मागून घेतल्याची उदाहरणे व्यापाराच्या इतिहासात फार नाहीत.

३

आमची बोट फोर्ट लॉडरडेलच्या बंदरातून रविवारी सायंकाळी सुटली. पहिल्या रात्री साडेसातला आम्ही अकरा जण भोजनगृहाच्या दाराशी एकत्र उभे राहिलो, तेव्हा दारावरच्या तरुणीने अत्यंत सौजन्याने सांगितले की, चौघांचे टेबल लगेच मिळेल, सहा जणांचे वीस मिनिटांत, अकरा जणांचे केव्हा मिळेल ते सांगता येत नाही. तिने आमच्या हाती टेबल रिकामे होताच थरथरू लागणारी एक चकती दिली. पंचवीस मिनिटे झाली, चकती निश्चल होती. लहान मुले भुकेने रडवेली झाल्यावर सून त्यांना वरच्या मजल्यावर पिझ्झा खाऊ घालावयास घेऊन गेली, जावई त्यांना शोधावयास गेला आणि उरलेले आम्ही सहा जण दोन टेबलांवर बसलो. दोन टेबलांच्या मध्ये एक तिऱ्हाईत कुटुंब वाढदिवस साजरा करीत होते.

दुसऱ्या रात्री आम्ही शहाणे होऊन आधीच तीन तुकड्या केल्या. मुलगी सहाला मुलांना घेऊन गेली, मुलगा नऊला गेला, आणि आम्ही तिघे म्हातारे मधल्या वेळी. प्रत्येकाला पाहिजे तेव्हा, पाहिजे ते आणि पोटभर मिळाले. तक्रारीला जागा नव्हती. फक्त आक्काला आपण मांस-मासे-अंडी खात नाही, सुपात कोंबडीचे पाणी नको, पोळीसारखे काही असल्यास बरे, हे सारे नव्याने सांगावे लागले. मुलीच्या मुलांनी दिवसभरात काय केले हे आम्हांला दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळीही कळले नाही, कारण न्याहारीलाही ती आमच्या आधी येऊन गेली होती. सात हजार मैलांहून अधिक प्रवास करून आम्ही ज्यांना भेटावयास आलो होतो त्यांची भेट लिफ्टच्या दारात होत होती.

तिसऱ्या दिवशी बोट ग्रँड केमन बेटासमोर समुद्रातच नांगरून पडली, कारण तेथे मोठ्या बोटींना लागण्यास धक्का नाही, आणि उतारूंना लहान नावांतून किनाऱ्यावर नेण्यात येऊ लागले. ते पाहताच आक्काचा चेहरा उजळला. "अगं, हे तर पडाव!" लहानपणी दाभोळहून मुंबईस येताना खाडीतल्या पडावातून आगबोटीला लागायचे, शिडीवर पाय ठेवताना खलाशाने हाताला धरून वर ओढायचे, डेकवर पथारी पसरायची आणि आईने बांधून दिलेली भाकरी नि सुकी चटणी सोडायची, ही सारी हकिकत तिने त्या दहा मिनिटांच्या फेरीत मला ऐकवली. त्या कोकणच्या बोटींवर जेवणाची पाळीच नव्हती. गाठोडे ज्याचे त्याचे, पण एकाने सोडले की सारा डेक सोडी, आणि ज्याला बोट लागली असेल त्याच्या वाटणीची भाकरी शेजारी खाई. ही कथा नातवंडांनी ऐकावी असे मला फार वाटले. मात्र ती दुसऱ्या नावेत होती.

त्याच रात्री घडलेली गोष्ट थोडक्यात सांगतो. टेबल दहा मिनिटांत मिळेल असे कळल्यावरून आक्काने आपली सुई टोचून घेतली आणि त्या दहा मिनिटांची पन्नास झाली. तिला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. पत्नीने कॉफीच्या टेबलावरील साखरेच्या चार पुड्या पाण्यात विरघळवून तिला पाजल्या आणि पाव तासाने ती सावरली. चूक दारावरच्या मुलीची नव्हती, आमची होती. ज्याच्या जेवणाला औषधाचे घड्याळ बांधलेले आहे त्याने अनिश्चित वेळेचा करार करूच नये. मुलगा त्या रात्री बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, टेबल बदलून मिळतं का विचारू या."

४

अर्ज घेऊन आम्ही ज्याच्याकडे गेलो तो हेडवेटर पन्नाशीचा, शांत आणि साष्टीचा निघाला. आक्काला पाहताच त्याने इंग्रजी सोडले. "आजी, तुमकां कितें जाय?" या प्रश्नाने तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि आपल्याला एक टेबल हवे आहे हे सांगावयाचे सोडून तिने त्याचे गाव विचारले. सव्वाआठच्या पंगतीत दहा जणांचे एक गोल टेबल अर्धेअधिक रिकामे होते. तेथील दोन जोडप्यांना त्याने विनवून खिडकीजवळ हलवले, एक अकरावी खुर्ची घातली आणि चौथ्या रात्रीपासून आमची सोय लावून दिली.

पुढे दोन दुपारी, त्याच्या सवडीने, मी त्याच्याशी बोललो. त्याचा आजा ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर सलूनमध्ये कामाला होता. त्या काळी डेकवर रत्नागिरीचे खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि टंडेल, आणि सलूनमध्ये गोंयकार, अशी वाटणी ठरलेली असे. बोट मिळेपर्यंत आजा धोबीतलावच्या कुडात राही. गावोगावच्या गोवेकरांनी आपापल्या खलाशांसाठी मुंबईत चालवलेल्या या वसतिगृहांत पेटी ठेवावयास जागा, प्रार्थनेला अल्तार आणि गावची खबर मिळे. नातू आता विमानाने बोटीवर जातो, परंतु घरापासून सलग सात-आठ महिने दूर राहण्याचा करार मात्र तसाच आहे.

कोणती पद्धत बरी, या प्रश्नावर त्याने वाढप्याच्या बाजूने जे सांगितले ते कोणत्याही माहितीपत्रकात मी वाचले नव्हते. ठरलेल्या पंगतीत एका वाढप्याकडे, मदतनिसासह, वीस-बावीस पाने असतात. दुसऱ्या रात्रीपर्यंत कोणाला बर्फ नको, कोणाला तिखट हवे, कोणते मूल शेवया सोडून काही खात नाही, हे पाठ होते. त्यामुळे उद्याचे जेवण आज सांगता येते, आणि भटारखान्यातील हिंदुस्थानी आचाऱ्याकडून आजींसाठी वरण-भात-भाजी करून घेण्याला वेळ मिळतो. मोकळ्या पाळीत रोज नवे चेहरे, आणि प्रत्येकाच्या आवडीनिवडी शून्यापासून. उलट ठरलेल्या पंगतीत सर्व टेबलांची मागणी एकाच क्षणी भटारखान्यावर आदळते, झाकलेल्या ताटांची उतरंड खांद्यावर घेऊन वाढप्यांची रांग लागते, आणि पहिली पंगत उठल्यापासून दुसरी बसेपर्यंतच्या अर्ध्या तासात चादरी, चमचे, पेले सारे नव्याने मांडावे लागते. मोकळ्या पाळीत ही झुंबड नसते. पण तो अर्धा तासही नसतो. "पंगत उठली काय आमी उबे रावन एक घोट च्या घेतांव," तो म्हणाला, "तिकडे पंगत उठतच ना."

नाविकांच्या श्रमाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालापासून अमलात आहे. त्याअन्वये चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती मिळावी, आणि ती दोनहून अधिक तुकड्यांत विभागू नये, व त्यांतील एक तुकडी निदान सहा तासांची असावी, असा निर्बंध आहे. न्याहारीला हजर, दुपारी हजर आणि रात्री दोन पंगतींना हजर अशा माणसाची विश्रांती या चौकटीत बसवणे हे हेडवेटरचे रोजचे कोष्टक. पूर्वी सफरीच्या शेवटच्या रात्री उतारू आपल्या वाढप्याच्या हाती पाकीट देत. आता माणशी दररोज ठरावीक रक्कम खात्यावर पडते आणि ती सर्वांत वाटली जाते. त्यामुळे पाकिटाची लाचारी गेली हे चांगलेच झाले. परंतु बढतीच्या वेळी उतारूंच्या अभिप्रायपत्रांत नाव किती वेळा आले हे पाहिले जाते, आणि एकदाच वाढलेल्या माणसाचे नाव कोण लक्षात ठेवतो, हा त्याचा सवाल होता. मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही.

५

चौथ्या रात्री सव्वाआठला दहा जण जागेवर होते. पंधरा वर्षांचा नातू नव्हता. सूप आले, पाव आला. आक्का म्हणाली, "येऊ दे त्याला," आणि कोणी चमचा उचलला नाही. पाऊण मैल लांबीच्या नाही, पण पाऊण मैल वाटणाऱ्या त्या बोटीच्या दुसऱ्या टोकाकडून तो साडेआठला रमतगमत आला, तेव्हा निवत चाललेल्या दहा सुपांभोवती बसलेले आपले सारे कुटुंब त्याला दिसले. त्याला कोणी काही बोलले नाही. पाचव्या रात्री तो आठ वाजून दहा मिनिटांनी आला आणि धाकटीची खुर्ची ओढून दिली. त्याच रात्री आक्काची पडावाची कथा झाली. भाकरीच्या गाठोड्यापाशी आल्यावर नातवाने विचारले, "पण मग तुम्ही सगळे एकाच वेळी कसे जेवायला बसायचा, कोणी सांगायचं?" आक्काने थोडा विचार केला. "कुणीच नाही रे. एकाला भूक लागली की सगळ्यांना लागायची."

याची किंमतही सांगितली पाहिजे. धाकटी दोन रात्री गोड पदार्थ येण्यापूर्वीच दोन खुर्च्या जोडून निजली आणि मुलीला तिला खांद्यावर घेऊन उठावे लागले. आईस्क्रीमऐवजी वाढप्याने केकचा तुकडा झाकून केबिनीत पाठवला. कोझुमेलहून परतलेल्या दिवशी सर्वांना सहालाच कडकडून भूक लागली होती आणि सव्वाआठपर्यंतचा वेळ मोठ्या कष्टाने गेला. ज्यांच्या घरी फक्त लहान मुले आहेत त्यांना पहिली पंगतच योग्य, आणि ज्या तरुण जोडप्याला कोणाचीच वाट पाहावयाची नाही त्यांनी मोकळी वेळ घ्यावी, यात वादाला जागा नाही.

पंगतीचे गुणगान करताना तिचे पापही विसरता येत नाही. आपल्याकडे पंगतीत कोणी बसावे याहून कोणी बसू नये याचेच नियम कडक होते. ते मोडण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सहभोजनांची चळवळ करावी लागली. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक वाढण्याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो आणि ते पातक समजतो. या दृष्टीने बोटीकडे पाहिले तर मोकळ्या वेळेच्या मागोमाग आलेली, निराळे दाम घेणारी उपाहारगृहे आणि मोठ्या दालनांतील उतारूंसाठी राखलेली वेगळी भोजनगृहे हा पंक्तिप्रपंचच होय. 'क्वीन मेरी २' या जहाजाचे उदाहरण फार बोलके आहे. तेथे सर्वसाधारण उतारूंच्या भोजनगृहात अद्याप दोन पाळ्या आहेत. परंतु सर्वांत महाग दालने घेणाऱ्यांना स्वतःचे राखीव टेबल मिळते आणि त्यावर वाटेल तेव्हा येण्याची मोकळीकही मिळते. अर्थात जाणत्या धनिकाने या दोहोंत निवड केलेलीच नाही. त्याने वेळेचे स्वातंत्र्य घेतले आणि टेबलही सोडले नाही.

मुंबईतील एका सहल कंपनीच्या व्यवस्थापकाने, जो दरवर्षी चाळीस-चाळीस मराठी प्रवाशांचे तांडे क्रूझवर नेतो, मला याच मुद्द्याची व्यवहारी बाजू सांगितली. तो नेहमी उशिराची ठरलेली पंगत मागून घेतो. "चाळीस माणसांना चाळीस वेळा भूक लागली, तर मी जैन जेवण कुणापुढे नेऊ?" हा त्याचा प्रश्न. मुंबईहून २०२१ पासून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस' बोटीवर जैन जेवण मागून घ्यावे लागत नाही, ते असतेच. परंतु परदेशी बोटीवर ते आदल्या दिवशी सांगावे लागते, आणि ज्याला सांगितले तोच माणूस दुसऱ्या दिवशी समोर उभा असावा लागतो.

६

सात रात्रींपैकी तीन आम्ही मोकळ्या वेळेत काढल्या आणि चार ठरलेल्या वेळेत, म्हणून दोन्ही पद्धतींचा साक्षीदार या नात्याने माझा निर्णय नोंदवतो. शेवटच्या रात्री मुलाच्या लग्नाचा वाढदिवस होता. तो आणि सून निराळे दाम मोजून दुसरीकडे जेवायला गेले, आणि सव्वाआठच्या टेबलावर आम्ही नऊ जण बसलो. त्यांच्या गैरहजेरीचा कोणी जाब विचारला नाही, कारण ठरलेल्या पंगतीत हजेरीचा पट नसतो. जाऊ नये असे वाटले तर वरचा बुफे उघडाच असतो. पण मोकळ्या पाळीतल्या माणसाला एखाद्या रात्री अकरा जणांनी एकत्र बसावे असे वाटले, तर ते त्याच्या हाती राहत नाही. ठरलेली वेळ मोडता येते. न ठरलेली जमवता येत नाही. ज्या कुटुंबाला एकमेकांचे तोंड वर्षातून एकदा दिसते त्याने न्याहारी आणि दुपार ज्याची त्याला द्यावी, आणि रात्रीची एक वेळ आपल्या हाताने बांधून घ्यावी.

येत्या नाताळात जे वाचक सहकुटुंब निघणार असतील त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. उशिराची पंगत लवकर भरते, तेव्हा आरक्षण करतानाच ती मागावी. कुटुंबाची आरक्षणे वेगवेगळ्या नावांवर असतील तर त्यांचे क्रमांक कंपनीकडून एकमेकांना जोडून घ्यावेत, नाहीतर टेबले वेगळी पडतात. ते राहून गेले असेल तर बोटीवर चढल्या दिवशी दुपारीच हेडवेटरला गाठावे, चौथ्या दिवसापर्यंत थांबू नये. आणि इन्सुलिनची सुई जेवण समोर आल्यावर टोचावी की आधी, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.